ऊन कुणाच्या बापाचं नाही

"आजी, हिला उन्हात नेलं तर चालेल का हो?"

परवा केतकीने मला जिन्यात गाठून हे विचारलं. केतकी आमच्या वरच्या मजल्यावर राहते. नाशिकची मुलगी. नवरा इथल्या विद्यापीठात पीएचडी करतोय. तिच्या एका खांद्यावर तान्ही लेक होती आणि दुसऱ्या हातात फोन. फोनमध्ये सुईणीच्या सूचना, आईच्या सूचना, सासूबाईंच्या सूचना, आणि त्या तिघींचं आपसात काडीचंही पटत नव्हतं. एक म्हणे सावलीत न्या, दुसरी म्हणे तेल लावून कोवळ्या उन्हात न्या, तिसरी म्हणे सहावा महिना लागेपर्यंत उंबरठाच ओलांडू नका. बिचारी आता चौथीचं मत घ्यायला आली होती.

मी म्हटलं, "तुला काय वाटतं?"

"मला न्यावंसं वाटतं. बाहेर इतकं छान आहे. पण..."

"मग ने की. ऊन काय कुणाच्या बापाचं आहे?"

ती हसली. तिला वाटलं, आजींनी विनोद केला. मी विनोद केला नव्हता. हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं त्याला साठेक वर्षं होत आली, आणि तेव्हा मी पदर खोचून भांडायला उभी होते. केतकी खाली गेली, मागच्या दाराची कडी वाजली, आणि थोड्या वेळाने अंगणातून तिच्या लेकीची शिंक ऐकू आली. पहिल्यांदा उन्हाकडे बघितलं की पोरं शिंकतात. माझीही शिंकली होती.

जर्मनीत बारा महिने थंडीच असते अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी जूनमध्ये कार्ल्सरूहेला यावं. ऱ्हाइनच्या खोऱ्यातला हा सपाट मुलूख. उन्हाळ्यात वारा पडतो आणि हवा अंगाला चिकटते. लिंडनची झाडं फुलतात आणि रस्ताभर मधासारखा वास दाटतो. पाकोळ्या चीं चीं करत छपरांच्या मधून गोते घेतात. डांबर मऊ पडतं. संध्याकाळी एकदम ढग येतात, चार टपोरे थेंब टाकतात आणि निघून जातात. दरवर्षी हे सगळं असंच येतं, आणि दरवर्षी पहिल्या गरम दिवशी माझ्यातली ती चोवीस-पंचवीस वर्षांची बाई कमरेवर हात ठेवून उभी राहते. म्हातारपणी माणूस निवळतो म्हणतात. मी काही निवळले नाही, आणि निवळायचा विचारही नाही.

साठच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती ती. हे, म्हणजे माझे यजमान, इथल्या तांत्रिक विद्यापीठात नद्यांच्या प्रवाहावर संशोधन करत होते. दिवसभर प्रयोगशाळेतल्या खोट्या नद्यांमध्ये रंग सोडायचे आणि तो कुठे जातो ते बघायचे. आम्ही एका घराच्या पोटमाळ्यावर राहत होतो. उतरतं छप्पर, एकच खोली, एक खिडकी, तीही आभाळाकडे बघणारी. मेधा तिथेच जानेवारीत आली. म्हणजे जन्मली दवाखान्यात, पण तिची ओळख त्या पोटमाळ्याशीच. बाहेर खिडकीच्या काचेवर बर्फ, आत कोळशाची शेगडी, आणि पोरीच्या डोक्याला कुंची. सासूबाईंचा निरोप होता की वारा लागता कामा नये, म्हणून मी खिडकीच्या फटीतही कापूस कोंबला होता. पहिल्या बाळंतपणात माणूस सगळ्यांचं ऐकतो.

पोर काही बाळसं धरेना. सर्दी गेली की खोकला, खोकला गेला की ताप. वसंतात डॉक्टरांनी तिचे पाय हातात घेऊन बघितले, मनगटं दाबली आणि म्हणाले, हाडं मऊ राहिली आहेत, हिला ऊन हवं. माशाच्या तेलाचे थेंबही दिले. ते थेंब मी दिले आणि सासूबाईंना कळवले नाहीत. पण "पोर अशक्त आहे" ही बातमी मात्र पुण्याला पोचली, आणि तिकडून फर्मान आलं. सप्टेंबरात म्युनिकच्या काकू बोटीने भारतात परत निघणार होत्या. ह्यांच्या लांबच्या काकू. त्यांच्या यजमानांचं तिथलं संशोधन संपत आलं होतं. त्यांच्याबरोबर मेधाला पुण्याला पाठवून द्यायचं, प्रबंध पूर्ण होईपर्यंत ती माईंकडे राहील. माई म्हणजे माझ्या सासूबाई. सगळं ठरलं होतं. मला सांगितलं तेव्हा ते ठरूनच आलं होतं.

आता कुणाला हे ऐकून धक्का बसेल, पण तेव्हा हे अगदी रीतीचं होतं. नवरा शिकतोय, बायको परक्या मुलखात एकटी, हाताखाली कुणी नाही, मग पोर आजीकडे. आमच्या ओळखीत ज्यांना मुलं झाली त्यांनी बहुतेकांनी हेच केलं होतं. कुणी त्यांना वाईट म्हटलं नाही, मीही म्हणत नाही. हेही दुष्ट नव्हते. ह्यांना मनापासून वाटत होतं की पोर वाचवायची तर हाच मार्ग. "अगं, दोन-तीन वर्षांचा तर प्रश्न आहे," असं म्हणायचे. दोन-तीन वर्षं म्हणजे मेधाचं तोवरचं आयुष्य किती वेळा, याचा हिशोब ह्यांनी केला नव्हता.

मी आधी रडले वगैरे. मग एप्रिलमध्ये आम्ही र्युसेल्सहाइमला शालिनीकडे गेलो. शालिनी माझी मैत्रीण, तिचा नवरा तिथे मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. तिने आपल्या मुलाला वर्षाचा असताना साताऱ्याला आजीकडे पाठवलं होतं आणि नुकतंच परत आणलं होतं. पाच वर्षांचा झाला होता. गोरागोमटा, शहाणा, बोलण्यात अदबशीर. आम्ही जेवायला बसलो. त्याला ठसका लागला. तो शालिनीकडे वळून म्हणाला, "अहो मावशी, जरा पाणी देता का?"

शालिनीने पाणी दिलं. भाजी वाढली. तिने त्याला दुरुस्तही केलं नाही, म्हणजे रोजचंच असणार. परतीच्या गाडीत मी मेधाला मांडीवर घट्ट धरून बसले होते आणि मनात एकच होतं, मला ही "अहो" म्हणता कामा नये. त्या दिवशी रडणं संपलं. त्यानंतर मी फक्त भांडले.

माझा बेत सरळ होता. पोर अशक्त म्हणून पाठवायची ना? मग सप्टेंबरपर्यंत ती अशक्त राहायलाच नको. डॉक्टर म्हणतात ऊन हवं, तर ऊन. आमच्या पोटमाळ्यावर ऊन नव्हतं, नुसता उकाडा होता. ऊन होतं ते खाली, घरामागच्या अंगणात, फ्राऊ लांगच्या हिरवळीवर.

फ्राऊ लांग म्हणजे आमच्या घरमालकीण, तळमजल्यावर राहायच्या. साठीच्या पुढच्या, ताठ कण्याच्या, ॲप्रनच्या खिशात नेहमी इस्त्रीचा रुमाल. युद्धानंतरच्या उपासमारीच्या वर्षांत त्या अंगणात त्यांनी बटाटे लावले होते. बरे दिवस आल्यावर बटाटे काढून गवत लावलं. त्यांच्या लेखी ते गवत म्हणजे पुन्हा पोटभर खायला मिळाल्याची खूण होती, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं की ह्या बाई गवताला माणसांपेक्षा जास्त जपतात. कडेला पाटी होती, हिरवळीवर पाय ठेवू नये. घराच्या नियमांतही ते होतं, आणि दुपारी एक ते तीन आवाज करू नये हेही होतं. मेधाला घराचे नियम कुणी वाचून दाखवले नव्हते.

पहिल्या दिवशी मी जुन्या लुगड्याची चौघडी पसरली आणि मेधाला घेऊन हिरवळीच्या मधोमध बसले. खिडकी धाडकन उघडली.

"फ्राऊ जोशी! पाटी वाचता येते ना?"

"येते, फ्राऊ लांग. पाय ठेवायला मनाई आहे. मी बसले आहे."

माझं जर्मन तेव्हा मोडकंतोडकं होतं, पण भांडण्यापुरती भाषा माणसाला लवकर येते. त्या काहीतरी बोलत राहिल्या. मग मी ते मघाचं वाक्य मराठीतच ठणकावून सांगितलं. त्यांना शब्द कळले नाहीत, सूर कळला. खिडकी बंद झाली. मेधाने सूर्याकडे बघितलं, डोळे मिटले, नाक आक्रसलं, आणि शिंकली.

तिचा तो पहिला दिवस मला अजून तुकड्यातुकड्यांनी आठवतो. वारा आला की तिचा श्वास अडकायचा आणि मग ती चकित होऊन माझ्याकडे बघायची, हे तू केलंस का, म्हणून. गवताची पाती तळव्याला लागली तशी तिने मूठ आवळली आणि पात्यासकट मूठ तोंडात. दोरीवर फ्राऊ लांगच्या पांढऱ्या चादरी वाळत होत्या, त्यांची सावली तिच्या अंगावरून जायची यायची. ती सावली धरायला बघायची. हात आपटायची, सावली निसटायची, पुन्हा हात. कितीतरी वेळ हा खेळ चालला. खोलीतलं बाळ हे नुसतं बाळ असतं, बाहेर नेल्यावर त्याचं माणूस व्हायला लागतं.

बाळाला स्वतःचं मत सांगता येत नाही, म्हणून बाकी सगळ्यांना मतं असतात. इथल्या बायकांची मतं वेगळी, आमच्याकडची वेगळी, पण ठामपणा सारखाच. इथे बाळाला घड्याळ लावून दूध पाजायचं, रडलं तरी उचलायचं नाही, नाहीतर लाडावतं. बाबागाडीत घालून ती बेकरीच्या दाराशी उभी करायची आणि आपण आत पाव घ्यायला जायचं. रस्त्यावर अशा गाड्या ओळीने उभ्या असायच्या, आत झोपलेली पोरं, वरून जाळी. मला ते काही जमलं नाही. मी मेधाला कडेवर घेऊन हिंडायचे. लोक वळून बघायचे, एकदा एका आजोबांनी तर मला गाडी घ्यायला पैसे नाहीत की काय असं काळजीने विचारलं. पोरगी कडेवरून सगळं बघत होती, ट्राम, कुत्री, माझ्या कानातली कुडी. गाडीतल्या पोरांना आभाळाखेरीज काय दिसत होतं?

आणि तीट. मी रोज तिच्या गालाला काजळाची तीट लावायचे. फ्राऊ लांगना वाटायचं, पोरीच्या गालाला काजळी लागली आहे. दिसलं की रुमालाचं टोक थुंकीने ओलं करायच्या आणि पुसून टाकायच्या. मी वर जाऊन पुन्हा लावायचे. त्या पुन्हा पुसायच्या. हे दोघींनी महिनाभर चालवलं, एकमेकींशी एक अक्षर न बोलता. शेवटी मी तीट गालाऐवजी तळपायाला लावायला लागले. माघार नाही म्हणता येणार, मोर्चा हलवला एवढंच.

उन्हात नुसतं ठेवून भागणार नव्हतं. आमच्याकडे तान्ह्या बाळाला कसं न्हाऊ घालतात ते मी आईच्या हाताखाली बघितलं होतं. पाय पसरून बसायचं, बाळाला नडगीवर पालथं घालायचं, टाळू तेलाने भरायची, पाठ चोळायची, मग उताणं करून हातपाय उलटसुलट ताणायचे, डावा हात उजव्या पायाला, उजवा हात डाव्या पायाला. मग दुधात कालवलेलं डाळीचं पीठ, आणि मग पाणी. पोटमाळ्यावर ह्यासाठी जागाच नव्हती, पाय पसरले की पावलं पलंगाखाली जायची. मी ठरवलं, न्हाणं अंगणात. जस्ताच्या टबात सकाळीच पाणी भरून ठेवायचं, अकरापर्यंत ते उन्हाने कोमट व्हायचं. डाळीचं पीठ मिळेना म्हणून ओट कुटून घेतले. अडचण तेलाची होती. भारतातून आणलेलं खोबरेल हिवाळाभर बाटलीत दगड होऊन बसलं होतं, मेमध्ये विरघळलं आणि बघता बघता संपलं.

आणि मग कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानात मला खजिना सापडला. कागदात गुंडाळलेली पांढरीशुभ्र लादी, कागदावर नारळाचं चित्र. मी वास घेतला. खोबरं! मी होत्या नव्हत्या तेवढ्या लाद्या उचलल्या आणि धावत घरी आले.

हे म्हणाले, "अगं, हे तळणाचं दिसतंय."

"खोबऱ्याचं आहे ना? मग झालं."

"पण बाळाला..."

"आपण काय नारळाला विचारून घेतो का, की बाबा तू तळायचा की चोळायचा?"

तर रोज सकाळी मी त्या लादीचा तुकडा वाटीत टाकून टबाच्या काठावर उन्हात ठेवायचे. वितळला की मेधा माझ्या नडगीवर. तेल अंगभर, टाळूवर, कानामागे. ऊन पडलं की पोरगी चकाकायची. ती पहिल्यांदा रडायची, मग तिला गंमत वाटायला लागली, पाठीला हात लागला की ती मांजरीसारखी अंग ताणायची. वरच्या मजल्यावरची माणसं खिडक्यांतून बघायची. बघेनात का.

एक दिवस फ्राऊ लांग बाहेर आल्या आणि त्यांना माझ्या शेजारी पडलेला तो लादीचा कागद दिसला. तो कागद त्या चांगला ओळखत होत्या. दर रविवारी त्याच तेलात त्या कटलेट तळायच्या. त्यांनी कागद उचलला, वाटीत बघितलं, उन्हात ठेवलेल्या चकचकीत पोरीकडे बघितलं. त्यांचा चेहरा असा झाला की मला त्यांची दया आली.

"आल्झो, म्हणजे हे... तळणाचं... तुम्ही ह्या मुलीला लावता? आणि उन्हात ठेवता?"

"रोज," मी म्हणाले.

दोन दिवसांनी एक सरकारी बाई सायकलवरून आल्या. बाळांची नीट देखभाल होते की नाही ते बघणं हे त्यांचं काम. कुणी तक्रार केली ते त्यांनी सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती, तळमजल्यावरचा पडदा हलत होता. हे नेमके घरी होते. ह्यांचा चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, बसा, तुमच्यासमोरच न्हाऊ घालते. आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं केलं, टाळू भरली, पाठ चोळली, हातपाय ताणले, ओट लावले, पाणी घातलं. बाई उभ्या राहून बघत होत्या. मग त्यांनी मेधाला उचललं. पाय दाबून बघितले, कोपरं बघितली, मांड्यांच्या वळ्या उघडून बघितल्या. शेवटी तिच्या डोक्याचा वास घेतला.

"वास तर ख्रिसमसच्या बिस्किटांचा येतोय," त्या म्हणाल्या. "ते हातपाय ताणायचं पुन्हा एकदा दाखवा." मी दाखवलं. "गेनाऊ, अगदी बरोबर. चांगलं आहे. फक्त भर दुपारी नको, आणि डोक्याला टोपी घाला." एवढं बोलून त्या सायकलवर बसल्या.

मी जिंकले होते. निदान मला तसं वाटलं. पण हे वर आल्यावर खुर्चीत बसून राहिले आणि म्हणाले, "सुधा, आज बाई चांगल्या होत्या म्हणून निभावलं. उद्या दुसरी आली आणि पोर घेऊन गेली तर? माईंकडे असली म्हणजे हा घोर तरी नाही." जिंकलेली लढाईसुद्धा हरण्याच्या बाजूला मोजली जाते असे दिवस असतात. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी टब भरून ठेवला.

जुलै तसाच गेला. लाल करवंदासारखी आंबट बोरं कुंपणावर लागली. कुणीतरी गालिचे आपटायच्या दांडीवर गालिचा टाकून धपाधप मारायचं आणि मेधा प्रत्येक धपक्याला दचकून मग हसायची. मुंग्यांची रांग तिने पालथं पडून बघितली, नाक गवताला लावून, एवढ्या गंभीरपणे की हे प्रयोगशाळेत तसेच बघत असतील. एकदा पावसाचे थेंब एकदम आले. मी उठून पळणार होते, पण ती जीभ बाहेर काढून थेंबाची वाट बघायला लागली, म्हणून थांबले. तिचा रंग गव्हाळ झाला, मनगटावर दोरा बांधल्यासारखी वळी आली. ऑगस्टमध्ये ती बसायला लागली. एक दिवस माझ्या हातांना धरून पाय रोवून उभी राहिली, आणि मला तिच्या नडग्यांतला जोर माझ्या हातात कळला. मऊ हाडं कुठल्या कुठे गेली होती. मी मनात म्हटलं, आता बोला.

केतकीची लेक आत्ता खाली रडतेय. तीन-चार वेगवेगळ्या आवाजांत कुणीतरी तिला समजावतंय, बहुतेक फोनवर आजी आहेत. मला खिडकीतून ओरडून सांगावंसं वाटतं, बंद कर तो फोन. पण मग मी चौथी होईन.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी म्युनिकहून काकू आल्या. मेधाला आपली सवय व्हावी म्हणून आल्या होत्या. बोटीवर लागेल म्हणून वेताची टोपली आणली होती, आत मऊ गादी शिवलेली. बाई मायाळू, हे मी आजही म्हणेन. आम्ही सगळे खाली हिरवळीवर बसलो, काकूंना मी मुद्दाम तिथेच नेलं. ह्या पोरीकडे बघा, असं मला म्हणायचं होतं. हिला काय म्हणून पाठवायचं? माझी सगळी कारणं तयार होती. वजन, पाय, दात, डॉक्टरांचं मत, सायकलवाल्या बाईंचं मत.

काकूंनी हात पुढे केले आणि मेधा गेली. रडली नाही, मागे वळून बघितलं नाही. उन्हाळाभर उघड्यावर वाढलेली पोर, तिला माणसांची भीतीच राहिली नव्हती. ती काकूंच्या मंगळसूत्राशी खेळू लागली. काकू आनंदून गेल्या.

"अगं बाई, मी तर घाबरतच होते, अशक्त पोर बोटीवर कशी सांभाळायची म्हणून. ही तर ठणठणीत आहे! कुणाकडेही जाते. सुधा, तू फार छान तयार केलीस हो हिला. आता प्रवासाची काही काळजीच नाही."

हे म्हणाले, "हो ना. आता काही प्रश्न नाही."

तीन महिने मी एकेक कारण गोळा केलं होतं आणि ती सगळी उचलून ह्या दोघांनी टोपलीत घातली. पोर अशक्त होती म्हणून जाणार होती, आता सशक्त आहे म्हणून जाणार. आजारी असती तरी गेली असती, रडकी असती तरी गेली असती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की मी उन्हाळाभर परीक्षा देत होते, आणि ही परीक्षा पास होण्यासाठी नव्हतीच. माझी पोर माझ्याजवळ राहावी ह्याला कारण कशाला लागतं? कारण पाठवणाऱ्यांनी द्यावं.

मी उठले, काकूंच्या मांडीवरून मेधाला उचललं. "काकू, मी हिला पाठवणार नाही."

"अगं, पण आता तर..." हे म्हणाले.

"नाही."

"सुधा, काहीतरी कारण सांगशील की नाही? सगळं ठरलंय. माईंनी खोली लावून ठेवलीय."

"कारण काही नाही. ती जाणार नाही."

आवाज चढला असणार, कारण खिडकी उघडली. दुपारची दोनची वेळ होती. फ्राऊ लांग नुसत्या कोपर टेकून उभ्या राहिल्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही आणि काकूंकडेही नाही. मी ह्यांच्याकडे बघत होते. हे मेधाकडे बघत होते. तिने माझ्या खांद्यावर गाल टेकला होता आणि ह्यांच्याकडे बघून पायाने माझ्या पोटाला ढुशा मारत होती. मला वाटलं, आता हे चिडतील. उन्हाळाभर आम्ही इतके भांडलो होतो की एक भांडण जास्त झालं असतं तरी मला चाललं असतं.

मग काकूंनी पदर सावरला आणि ह्यांना विचारलं, मला नाही, "अरे, मग मी माईंना जाऊन सांगू तरी काय?"

मी म्हणाले, "सांगा, सून ऐकत नाही."

"नको," हे म्हणाले. त्यांनी बूट काढले, मोजे काढून बुटांत खोचले, आणि पाटीच्या अगदी शेजारून हिरवळीवर चालत माझ्यापर्यंत आले. मेधाला माझ्याकडून घेतलं. "काकू, तसं नका सांगू. सांगा, आम्ही ऐकत नाही."

काकू चहा पिऊन संध्याकाळच्या गाडीने गेल्या. सप्टेंबरात इटलीतल्या जिनोआहून त्यांची बोट सुटली, त्या दिवशी कार्ल्सरूहेला लख्ख ऊन होतं. आम्ही तिघं हिरवळीवर बसलो होतो.